आवाज पुन्हा पुन्हा बसतोय? आधी तो कधी बसतो ते पाहा

शाळा जूनच्या मध्याला सुरू होतात आणि जुलै उजाडता उजाडता शिक्षकांचे आवाज बसायला लागतात. गणपतीच्या सुट्टीत जरा बरं वाटतं, सहामाहीच्या सुमारास आवाज पुन्हा घोगरा होतो, दिवाळीत जवळजवळ मोकळा होतो आणि दुसरं सत्र सुरू झालं की आठ-पंधरा दिवसांत ये रे माझ्या मागल्या. दर खेपेला मेडिकलमधून गोळ्या येतात, रात्री हळदीचं दूध घेतलं जातं, पर्समध्ये ज्येष्ठमधाची कांडी असते. आवाज परत येतो, म्हणजे उपाय लागू पडला असं वाटतं. लागू पडलेली असते ती सुट्टी.

मी वाचा-उपचाराचं काम करते. ईएनटी डॉक्टर दुर्बिणीने घसा पाहून झाल्यावर 'आता स्पीच थेरपिस्टकडे जा' म्हणतात, त्यांतली मी. माझ्यासमोर शिक्षक येतात, क्लास घेणारे सर येतात, कीर्तनकार येतात, बाजारात ओरडून माल विकणारे येतात. पुढचं सगळं ज्यांचा आवाज वारंवार बसतो त्यांच्यासाठी आहे. सर्दी-तापाबरोबर एखाद्या वेळी बसलेल्या आवाजाला एवढी उलाढाल नको. ती सूज बहुतेक वेळा विषाणूने आलेली असते, आठवड्या-दोन आठवड्यांत उतरते आणि अँटिबायोटिकने लवकर उतरत नाही.

गुळण्या तिथे पोचतच नाहीत

आरशासमोर 'आ' करून जे दिसतं तो घसा. आवाज तयार होतो तो त्याच्या खाली, कंठमण्याच्या मागे, श्वासनलिकेच्या तोंडाशी. तिथे दोन स्वरतंतू असतात, बायकांमध्ये जेमतेम सव्वा-दीड सेंटिमीटर लांबीचे, पुरुषांमध्ये दोनच्या आसपास. बोलताना ते एकमेकांवर आदळतात. बाईच्या आवाजात सेकंदाला साधारण २०० वेळा, पुरुषाच्या आवाजात १०० ते १३० वेळा. म्हणजे एखाद्या बाईंनी नुसता पाच मिनिटं सलग सूर धरला तरी ६० हजार वेळा आदळआपट झाली. तंतूंवरचा मऊ, ओलसर थर नीट थरथरला की आवाज स्वच्छ येतो. तो सुजला, त्याला गाठ आली, तो कोरडा पडला किंवा दोन तंतू नीट मिटेनात, की आवाज घोगरा होतो. कारणं पुष्कळ आहेत, पण शेवटी बिघाड या तीन-चार गोष्टींतलाच असतो.

आपण गिळतो तेव्हा श्वासनलिकेचं हे दार घट्ट मिटतं. त्यामुळे मिठाच्या गुळण्या, मध, आल्याचा रस, खडीसाखर यांतलं काहीही स्वरतंतूंना लागत नाही. लागलंच तर जोराचा ठसका लागेल. घशाची खवखव त्याने कमी होते, ती होऊ द्या. वाफ मात्र आत जाते. साध्या पाण्याची घ्यावी, त्यात झोंबणारं औषध घालायची गरज नाही. ज्येष्ठमध अधूनमधून चघळायला हरकत नाही, पण रोज भरपूर खाल्लं तर रक्तदाब वाढतो. बीपीची गोळी चालू असलेल्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

कुणी अजिबात वाट पाहू नये?

श्वास घेताना घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज येत असेल, दम लागत असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. गिळताना अडकतं, थुंकीत रक्त दिसतं, मानेत गाठ लागते, कान ठीक असूनही एकाच कानात ठणका मारतो, कारण नसताना वजन उतरतंय, यांपैकी काहीही घोगऱ्या आवाजासोबत असेल तर त्या आठवड्यातच ईएनटीची वेळ घ्या. थायरॉइडच्या, मानेच्या किंवा छातीच्या ऑपरेशननंतर आवाज गेला असेल तरी तसंच. दोन आठवड्यांहून जुना खोकला आणि संध्याकाळचा बारीक ताप असेल तर थुंकीची तपासणी करून घ्या. क्षयरोग स्वरयंत्रातही होतो, आणि आपल्याकडे तो इतिहासजमा झालेला नाही.

विडी, सिगारेट, तंबाखू आणि सोबत दारू असेल तर 'बघू पुढच्या महिन्यात' म्हणू नका. स्वरतंतूंच्या कर्करोगात एक बाजू रुग्णाच्या बाजूची असते: अगदी लहान असतानाच तो आवाज बिघडवतो आणि या भागात लसिकावाहिन्या (कर्करोगाला पसरायला वाट देणाऱ्या बारीक नळ्या) कमी असल्याने लवकर पसरत नाही. पहिल्याच टप्प्यावर सापडला तर रेडिएशनने किंवा लेझरने दहांतले नऊ जण बरे होतात, तेही स्वरयंत्र शाबूत राहून. मात्र अशा माणसाचा आवाज 'आधीपासूनच भसाडा' असतो, त्यामुळे बदल घरच्यांच्याही लक्षात येत नाही.

बाकीच्यांसाठी मर्यादा चार आठवड्यांची. अमेरिकेतल्या ईएनटी तज्ज्ञांच्या संघटनेच्या जुन्या मार्गदर्शनात तीन महिने वाट पाहण्याची सवलत होती, २०१८ साली ती चार आठवड्यांवर आणली गेली. त्याच मार्गदर्शनात आणखी एक गोष्ट स्पष्ट म्हटली आहे: स्वरयंत्र पाहिल्याशिवाय नुसत्या घोगऱ्या आवाजासाठी सरसकट स्टेरॉइड, अॅसिडिटीच्या गोळ्या किंवा सीटी स्कॅन नको.

आता या नियमातली पळवाट. वारंवार बसणारा आवाज सलग चार आठवडे बसलेला राहतच नाही. तिसऱ्या आठवड्यात सुट्टी लागते, आवाज थोडा सुधारतो आणि मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. अशी वर्षानुवर्षं निघून जातात. वर्षात तीन-चारदा आवाज बसत असेल तर ती तीन-चार दुखणी नाहीत. एकच दुखणं आहे असं धरा आणि तपासून घ्या. तपासणीची तारीख मात्र सत्राच्या ऐन मध्यावर, आवाज वाईट असतानाची घ्या. सुट्टीच्या शेवटी गेलात तर तंतू बऱ्यापैकी दिसतात आणि 'काही विशेष नाही' असं ऐकून तुम्ही घरी येता.

वेळ पाहा, कारण सापडतं

डॉक्टरकडे जाण्याआधी दोन आठवडे मोबाइलवर रोज सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपण्यापूर्वी तीच चार वाक्यं वाचून रेकॉर्ड करा. वर्तमानपत्रातला कुठलाही परिच्छेद चालेल, रोज तोच हवा. ही रेकॉर्डिंग्ज कुठल्याही वर्णनापेक्षा जास्त सांगतात.

सकाळी बरा, संध्याकाळी बसलेला. सोमवारी बरा, शुक्रवारी फाटलेला: हा वापराचा ताण. यात सगळ्यांत आधी वरचे सूर जातात. परिपाठाला प्रार्थनेची वरची ओळ आली की आवाज लागत नाही, नुसती हवा येते, पण खाली बोलताना फारसं जाणवत नाही. गाणाऱ्यांच्या हे लगेच लक्षात येतं, इतरांच्या महिनोन् महिने येत नाही.

सकाळीच सगळ्यांत खराब, चहा-नाश्ता होईपर्यंत खाकरणं चालू, मग हळूहळू मोकळा: पोटातलं आम्ल रात्री वर येत असावं, नाकातला शेंबूड मागे उतरत असावा, किंवा झोपेत तोंडाने श्वास घेतला जात असावा. रात्री साडेदहाला जेवून अकराला आडवं होणाऱ्यांत पहिली शक्यता जास्त. छातीत जळजळ व्हायलाच हवी असं नाही.

ओरडता ओरडता, मॅचच्या वेळी किंवा मिरवणुकीत एकदम आवाज गेला तर त्या क्षणी बोलणं बंद. तंतूवरची बारीक रक्तवाहिनी फुटलेली असू शकते. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या किंवा अॅस्पिरिन घेणाऱ्यांत हा धोका अधिक. गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत, पण पूर्ण मौन पाळून एक-दोन दिवसांत दुर्बिणीने पाहून घ्यायचं.

आवाज कायम हवेशीर, दमलेला आणि पाणी पिताना ठसका: एक तंतू हलत नसावा. त्याला हलवणारी डावीकडची नस (मज्जातंतू) मानेतून सरळ स्वरयंत्रात जात नाही. ती छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते आणि पुन्हा वर येते. त्यामुळे कधी कधी मूळ दुखणं फुप्फुसात किंवा हृदयाच्या आसपास असतं आणि तक्रार आवाजाची असते. अशा वेळी ईएनटीने छातीचा स्कॅन सांगितला तर 'घशाचं दाखवायला गेलो आणि छातीचे पैसे लावले' असा संशय घेऊ नये.

आवाज जाड आणि खालचा झाला, सोबत थकवा, अंगावर सूज, थंडी सहन न होणं: थायरॉइडची रक्ततपासणी. दम्याचा पंप सुरू झाल्यापासून बसला: पंपातल्या स्टेरॉइडमुळे. यावर उपाय सोपा आहे. स्पेसर (पंपाला जोडायची प्लास्टिकची पोकळ नळी) लावून पंप घ्यायचा आणि दर वेळी चूळ भरून, गुळणी करून थुंकायचं. (गुळण्या कामाच्या असतात त्या इथे: तंतूंपर्यंत पोचत नाहीत, पण तोंडात-घशात उरलेलं औषध धुऊन काढतात.) बोलताना आवाज फुटत नाही पण हसताना, खोकताना खणखणीत येतो: तंतू बहुधा ठीक आहेत, आजूबाजूचे स्नायू आवळले जात आहेत. याला 'नाटक' म्हणणारे नातेवाईक मला भेटतात. नाटक नसतं ते.

स आणि झ

घरच्या घरी करता येण्यासारखी एक चाचणी आहे. छातीभर श्वास घ्या आणि जमेल तितका वेळ 'स्स्स्स' करा, सेकंद मोजा. मग तसाच श्वास घेऊन 'झ्झ्झ' करा, 'झाड'मधला झ, 'झेंडा'मधला नव्हे. दोन्ही तीन-तीनदा करून प्रत्येकातला सर्वांत मोठा आकडा घ्या. 'स'ला फक्त फुप्फुसातली हवा लागते, 'झ'ला हवेसोबत तंतूही मिटावे लागतात. तंतू निरोगी असतील तर दोन्ही वेळा जवळपास सारख्या येतात. 'स' १८ सेकंद आणि 'झ' १० सेकंद असं काही आलं, म्हणजे भागाकार १.४ च्या वर गेला, तर तंतू नीट मिटत नसल्याची शंका घ्यायला जागा आहे. दोन्ही आकडे लहान असतील तर प्रश्न श्वासाचा असू शकतो. ही चाचणी शंका दाखवते, निदान करत नाही. आकडा चांगला आला म्हणून दुर्बीण टाळायची नाही.

दुर्बीण

लोक घाबरतात ते या शब्दाला. प्रत्यक्षात बेशुद्ध करणारी भूल नाही, उपाशी राहणं बहुधा नाही, काम दोन-चार मिनिटांचं. एका प्रकारात कडक दुर्बीण तोंडातून घालतात. डॉक्टर जीभ गॉजच्या तुकड्याने बाहेर धरतात आणि 'ई' म्हणायला सांगतात. जीभ बाहेर असताना 'ई'चा कसलातरी भलताच आवाज होतो, हसू येतं, ते ठीक आहे. उमासे येणाऱ्यांसाठी नाकातून जाणारी बारीक लवचीक दुर्बीण असते, तिच्यातून बोलताना-गाताना तंतू कसे हलतात तेही दिसतं. मिळत असेल तर स्ट्रोबोस्कोपी मागा. सेकंदाला २०० कंपनं डोळ्याला दिसत नाहीत. स्ट्रोबचा दिवा आवाजाच्या पट्टीच्या किंचित मागे-पुढे लुकलुकतो, त्यामुळे तीच हालचाल संथ झाल्यासारखी दिसते आणि कुठला भाग ताठ आहे ते कळतं. स्क्रीनवरचं चित्र तुम्हीही पाहा आणि व्हिडिओची प्रत मागून घ्या, पुढच्या वेळी तुलनेला लागते.

जाता जाता: आरशांच्या मदतीने स्वतःचे स्वरतंतू हलताना पाहून १८५५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ते मांडणारा मान्युएल गार्सिया डॉक्टर नव्हता. गाण्याचा मास्तर होता.

सापडलं काय, करायचं काय

शिक्षकांत सर्वांत नेहमीचं सापडतं ते नोड्यूल. दोन्ही तंतूंवर, समोरासमोर, पुढच्या एक तृतीयांश भागाच्या टोकाशी बारीक गाठी. तिथेच तंतू सर्वांत जोरात आदळतात. कुदळ धरणाऱ्याच्या तळहाताला घट्टे पडतात तसंच हे. कर्करोगाशी त्यांचा संबंध नाही आणि बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. लागते ती आवाजाची थेरपी, साधारण सहा-आठ बैठका आणि रोजचा घरचा सराव. पॉलिप, म्हणजे तंतूवर आलेला मऊ फुगवटा, वेगळा. तो सहसा एकाच बाजूला असतो, कधी कधी एकाच जोरदार आरोळीनंतर आलेला, आणि बऱ्याचदा काढावा लागतो. अनेक वर्षं सिगारेट ओढणाऱ्यांत तंतूंच्या वरच्या थराखाली पाणी साठून ते फुगतात. बाईचा आवाज फोनवर पुरुषाचा वाटायला लागतो तो यामुळे. इथे सिगारेट सुटल्याशिवाय बाकी सगळं व्यर्थ.

आम्लाचं निदान झालंच तर गोळ्यांसोबत जेवण आणि झोप यांत तीन तासांचं अंतर ठेवा आणि पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करा. उशा रचून उपयोग नाही, पोट दुमडतं. लुळ्या पडलेल्या तंतूला मध्याकडे सरकवण्यासाठी इंजेक्शन किंवा छोटं ऑपरेशन असतं, पण काही महिन्यांत नस आपोआप सावरते का हेही पाहिलं जातं.

स्पीच थेरपिस्ट कुठे शोधायचा? मोठ्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या ईएनटी विभागात विचारा. मुंबईत नायर रुग्णालय आणि वांद्र्याची अली यावर जंग संस्था या कामासाठी जुन्या आणि माहितीतल्या जागा आहेत.

वर्गात काय बदलायचं

ज्याच्यामुळे आवाज बसतो ते तसंच ठेवून थेरपी केली तर फरक पडत नाही. आवाज चढतो तो खोलीतल्या गोंगाटामुळे, आणि आपल्याला ते कळतही नाही. आजूबाजूला कलकलाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो. पावसाळ्यात पत्र्याचं छप्पर, वर खडखडणारा पंखा, शेजारच्या वर्गात चाललेले पाढे आणि समोर साठ पोरं. यावर 'हळू बोला' हा सल्ला फुकट आहे. कंबरेला लावायचा छोटा स्पीकर आणि कानाला अडकवायचा माइक घ्या. सहकारी पहिले दोन दिवस हसतात, तिसऱ्या दिवशी किंमत विचारतात. खडखडणारा पंखा दुरुस्त करून घेणं हाही आवाजाचा उपचारच आहे.

वर्ग शांत करायला आवाज वापरूच नका. टाळ्यांचा ठेका, डस्टरची टकटक, वर केलेला हात, छोटी घंटा, काहीही एक ठरवा आणि आठवडाभर नेटाने चालवा. फळ्याकडे तोंड करून बोलू नका. त्यात खडूची धूळ थेट आत जाते आणि मागच्या बाकापर्यंत पोचायला दुप्पट जोर लावावा लागतो. लिहा, वळा, मग बोला. मैदानावर शिट्टी.

दोन सवयी विशेष घातक. एक खाकरणं. खाकरताना तंतू एकमेकांवर जोरात घासले जातात, सूज वाढते, सुजेमुळे चिकटा वाढल्यासारखा वाटतो आणि पुन्हा खाकरावंसं वाटतं. त्याऐवजी पाण्याचा घोट घ्या, नसेल तर नुसती लाळ जोर लावून गिळा. दुसरी कुजबुजणं. आवाज बसला की लोक विश्रांती म्हणून कुजबुजत बोलतात, पण त्यात बहुतेकांचे आजूबाजूचे स्नायू आणखी आवळले जातात. बोलायचंच तर हळू पण आवाजासकट बोला, नाहीतर गप्प बसा, चिठ्ठी लिहा.

पाणी दिवसभर थोडं थोडं प्या. ते तंतूंपर्यंत रक्तातून पोचतं, त्यामुळे तासाच्या आधी गटागटा प्यायलेलं त्या तासाला उपयोगी पडत नाही. आणि बऱ्याच शाळांत बाई पाणी का पीत नाहीत याचं कारण स्वच्छतागृह असतं. ते थेरपिस्टच्या हातात नाही, मुख्याध्यापकांच्या हातात थोडं आहे.

नळीचा व्यायाम

अर्धा पेला पाणी आणि एक साधी नळी. नळीचं टोक पाण्यात दोन बोटं बुडवा, ओठ नळीभोवती घट्ट मिटा आणि आरामशीर पट्टीत 'ऊऊ' धरा. बुडबुडे एकसारखे यायला हवेत. ते थांबत-थांबत येत असतील तर श्वास तुटतोय, पाणी पेल्याबाहेर उडत असेल तर जोर जास्त होतोय. मग तोच 'ऊ' खालून वर आणि वरून खाली सरकवा. तोंड असं अर्धवट बंद असलं की आतला दाब तंतूंना किंचित अलग ठेवतो, ते कमी जोराने आदळतात आणि तरीही थरथरतात. एका वेळी दोन-तीन मिनिटं, पहिल्या तासाआधी, मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर. शाळेत पेला-नळी नको वाटत असेल तर ओठ मिटून गुणगुणा, नाकाच्या शेंड्याशी आणि ओठांत झिणझिण्या जाणवायला हव्यात. भ्रामरी येत असेल तर तीच करा. कानात बोटं घातली नाहीत तरी चालतं. दुखत असताना व्यायाम करायचा नाही.

सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण. मऊ नोड्यूल तोवर लहान झालेले असतात. जुने, कडक झालेले आणि थेरपीने न हललेले असतील तर सूक्ष्मदर्शकाखाली काढता येतात. ऑपरेशन छोटं असतं, त्यानंतरचे दिवस जास्त महत्त्वाचे. सर्जन सांगतील तितके दिवस पूर्ण मौन, कुजबुजसुद्धा नाही. मग थेरपिस्टच्या सोबतीने रोज काही मिनिटं, आणि पूर्ण वर्ग घेण्याजोगा आवाज व्हायला काही आठवडे लागतात. तारीख ठरवताना हे मनात ठेवून ती मे महिन्याच्या सुरुवातीची घ्या, शाळा उघडायला चार दिवस उरलेले असतानाची नको.